दुपारचा सैतान आणि आपली धावपळ



रविवारची मिस्सा संपल्यावर देवळाच्या पायरीवर एक वाक्य आमच्या कानी वारंवार येते. "फादर, मिस्सा चुकवत नाही, घरी रोझरी होते, पण आत काहीच वाटत नाही." बोलणारी माणसे आळशी नसतात. पहाटे पाचला उठून डबे भरणारी, वसई रोडहून चर्चगेटपर्यंत उभ्याने जाणारी, संध्याकाळी मुलांचा अभ्यास आणि म्हाताऱ्या आईवडिलांची औषधे सांभाळून वर पॅरिश कौन्सिलच्या बैठकीला हजर राहणारी ही माणसे. त्यांना वाटते, आपली श्रद्धाच आटली. आम्हांला तसे वाटत नाही. पण 'जास्त प्रार्थना करा' एवढेच सांगून त्यांना घरी पाठवणेही बरे नव्हे. ताप आला म्हटल्यावर डॉक्टर आधी तो कशाचा आहे ते पाहतो. आतल्या रिकामेपणाचेही तसेच आहे. तो एका प्रकारचा नसतो आणि सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही.

पहिला प्रकार साधा आहे. शरीर थकलेले असते. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढून पाहा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलिया संदेष्टा दुसऱ्याच अध्यायात रानात रतामाच्या झुडपाखाली पडून देवाकडे मरण मागतो. देवदूत येतो, पण उपदेश करत नाही, चुका काढत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवतो. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. मग दुसऱ्यांदा जेवण, आणि त्यानंतर होरेब डोंगराची चाळीस दिवसांची वाट. देवाचा मंद स्वर त्याला तिथे पोहोचल्यावर ऐकू आला, झुडपाखाली नव्हे. रोज पाच तास झोपून महिनोन्‌महिने काढणाऱ्याने मिस्सेत डुलकी आली म्हणून स्वतःला पापी ठरवू नये. त्याने आधी झोपावे. आणि झोप, भूक, कामातील रस सगळेच दोन आठवड्यांहून अधिक काळ हरवले असेल तर डॉक्टरांकडे जावे. त्यात श्रद्धेची कसलीही कमतरता नाही.

दुसरा प्रकार मात्र फसवा आहे, आणि धावपळीच्या माणसाला तोच अधिक गाठतो असे आमचे मत आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतवासी साधू राहत. त्यांच्यापैकी इवाग्रिउस (मृत्यू इ. स. ३९९) यांनी मनाला छळणाऱ्या विचारांची एक यादी केली. तीत 'अकेडिया' नावाचा एक विचार आहे. ग्रीक भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ आस्था नसणे असा आहे. इवाग्रिउस त्याला दुपारचा सैतान म्हणतात. सकाळी दहाच्या सुमारास तो येतो आणि दुपारी दोनपर्यंत ठाण मांडतो. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, दिवस पन्नास तासांचा होतो. साधू सारखा खिडकीतून बाहेर पाहतो, जेवणाची वेळ झाली का, कोणी भेटायला येत आहे का. मग त्याला आपली खोली नकोशी होते, हातातले काम नकोसे होते. या मठात आता प्रेम उरलेले नाही, दुसरीकडे गेलो तर बरे, असे वाटू लागते. (हे वाचताना कार्यालयातली दुपार आणि दर दोन मिनिटांनी पाहिला जाणारा मोबाईल कोणाला आठवला तर नवल नाही.)

इवाग्रिउस यांची शिकवण पश्चिमेकडे नेणारे योहान कासियान यांनी आणखी एक बारकावा टिपला आहे. या सैतानाने पछाडलेला साधू नुसता झोपत नाही, तर कधी कधी अतिशय उद्योगी होतो! अमक्या आजाऱ्याला भेटायला हवे, तमक्या निराधार बाईची विचारपूस करायला हवी, अशी चांगली चांगली कामे त्याला सुचतात. सगळी कामे पुण्याचीच. फक्त ती त्याला एकाच गोष्टीपासून दूर नेतात: आपल्या खोलीत देवासमोर शांत बसण्यापासून.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांचे यावरचे विवेचन आम्ही वाचले होते. त्याची धार धर्मग्रामात आल्यावर जाणवली. 'सुम्मा' या ग्रंथात ते अकेडियाला दैवी गोष्टीविषयी वाटणारे दुःख म्हणतात. देवाशी मैत्री ही मोठी गोष्ट आहे, पण ती काहीतरी मागते, म्हणून मन तिच्यापुढे खट्टू होते आणि दुसरीकडे पळते. आणि हे पाप दहा आज्ञांपैकी कोणत्या आज्ञेविरुद्ध जाते? आपण म्हणू, काम करण्याच्या एखाद्या आज्ञेविरुद्ध. थॉमस म्हणतात, शब्बाथाच्या आज्ञेविरुद्ध, कारण ती आज्ञा मनाला देवाच्या ठायी विसावायला सांगते. म्हणजे विसावता न येणे हा या रोगाचा गाभा आहे. दिवसभर राबणारा माणूसही त्यात सापडू शकतो.

आता आपला रविवार पाहा. सातची मिस्सा, तिथून बाजार, मग मुलांचा क्लास, दुपारी कोणाकडे तरी साखरपुडा, संध्याकाळी आठवड्याची इस्त्री. नर्स, पोलीस, रेल्वेचे कर्मचारी यांना रविवारी कामावर जावेच लागते, त्यांच्याविषयी आम्ही बोलत नाही. पण बाकीच्यांनी रविवारची एखादी दुपार तरी मोकळी ठेवायला काय हरकत आहे? क्लास घेणारे तो शनिवारीही घेतील, पालकांनी मिळून मागितले तर. जेवणानंतर घरातल्यांनी दोन तास कुठेही न जाता, काही न उरकता एकत्र बसावे. पहिल्या दोन-तीन रविवारी फार कंटाळा येईल. तो कंटाळा म्हणजेच इवाग्रिउस यांचा पाहुणा. त्यावर त्यांचा उपाय एकच होता: खोली सोडायची नाही. हा सैतान हरला की त्याच्या पाठोपाठ लगेच दुसरा येत नाही, मनाला शांती आणि आनंद लाभतो, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे.

तिसरा प्रकार संत इग्नेशियस लोयोला यांनी उलगडला. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना शूर सरदारांच्या कथा हव्या होत्या, पण घरात सापडले ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. त्यांच्या लक्षात आले की दरबारी पराक्रमाची स्वप्ने पाहताना मजा येते, पण नंतर मन कोरडे होते. संतांसारखे जगण्याचा विचार केला की आनंद नंतरही टिकतो. पुढे 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात त्यांनी कोरडेपणाची तीन कारणे सांगितली: आपली हयगय, देवाने घेतलेली परीक्षा, आणि सांत्वन ही देवाची देणगी आहे, आपली कमाई नव्हे, हे कळावे म्हणून. हयगय असेल तर ती दुरुस्त करावी. परीक्षा असेल तर टिकून राहावे. दोन्ही वेळी त्यांचा एक नियम लागू आहे: कोरडेपणाच्या काळात आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. रोझरी बंद करावी, वाचकगट सोडावा, असे विचार येतात तेव्हा ते अमलात आणायची ती वेळ नसते. उलट नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ प्रार्थनेत थांबावे, असे ते सांगतात.

काही जण वाचलेले असते म्हणून आपल्या कोरडेपणाला 'काळोखी रात्र' म्हणतात. हा शब्द संत योहान ऑफ द क्रॉस यांचा, आणि तो जपून वापरावा. त्यांनी खुणा दिल्या आहेत: देवाच्या गोष्टीत गोडी वाटत नाही आणि जगाच्या गोष्टींतही वाटत नाही, आपण देवाची सेवा करत नाही याची सतत तळमळ असते, पूर्वीसारखे मनन जमत नाही. क्रिकेटचा सामना गोड लागतो आणि फक्त मिस्सा कडू लागते, तर ती रात्र नव्हे! मदर तेरेसा यांची पत्रे २००७ साली पुस्तकरूपाने आली तेव्हा जगाला कळले की १९९७ साली मृत्यू येईपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी असा अंधार सोसला. त्या काळात त्यांची प्रार्थनेची वेळ चुकली नाही आणि गरिबांची सेवा थांबली नाही. २०१६ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत घोषित केले. 'काही वाटणे' हे श्रद्धेचे मोजमाप असते तर त्यांची श्रद्धा शून्य ठरली असती.

मग आपला रिकामेपणा यांपैकी कोणता, हे कसे ओळखायचे? इग्नेशियस यांची दिवसाची तपासणी त्यासाठीच आहे. पंधरा मिनिटे पुरतात, आणि लोकलमध्येही ती होते. देवाचे आभार मानावे, प्रकाश मागावा, मग दिवस तासातासाने पाहावा. मोबाईल खाली ठेवल्यावर मनात काय उरले? आजारी शेजाऱ्याकडे जाऊन आल्यावर काय उरले? मिस्सेनंतर, भांडणानंतर काय उरले? शेवटी क्षमा मागावी आणि उद्यासाठी एकच गोष्ट ठरवावी. दोन आठवडे हे करताना एका छोट्या वहीत रोज दोन ओळी लिहून ठेवाव्यात.

ती वही घेऊन कोणाला बोलायचे असेल तर शनिवारी संध्याकाळी या. पापनिवेदनाची गर्दी सहानंतर होते. साडेपाचला आलात तर निवांत बसता येईल.