रिलेला जसं दाखवाल तसं तो बघतो

हॉस्टेलची लाईट गेली की आपण आधी वॉचमनकाकांना हाक मारतो आणि मग सबस्टेशनच्या नावानं बोटं मोडतो. पण लाईट घालवायचा निर्णय बऱ्याचदा माणूस घेतच नाही. तो घेतो कंट्रोल रूमच्या पॅनलवरचा प्रोटेक्शन रिले. स्विचगिअरच्या पेपरात आपण त्याची व्याख्या लिहितो आणि मार्क मिळवतो. या रिलेला बाहेरचं जग कसं दिसतं, हे मात्र मला उन्हाळी ट्रेनिंगला परभणी जिल्ह्यातल्या एका सबस्टेशनवर गेल्यावर कळलं. म्हणून हा लेख.

रिलेला काय दिसतं?

रिलेला लाईन दिसत नाही, तारेवर पडलेलं झाडही दिसत नाही. त्याला मिळतात सीटीकडून तीन करंट आणि पीटीकडून तीन व्होल्टेज. बाकी सगळं गणित. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाईनवर कोणताही फॉल्ट नव्हता. लोड प्रचंड होता आणि व्होल्टेज खाली आलं होतं. रिलेनं भागाकार केला, इम्पिडन्स झोन-३ मध्ये आला, लाईन ट्रिप झाली आणि उत्तर ग्रिड कोलमडलं. तिथं फॉल्ट नसतानाही रिले फसला. मग आपण इनपुटच चुकीचे दिले तर काय होईल?

पहिली पायरी : रेशो

समजा १३२ केव्ही लाईन आहे, इम्पिडन्स १६ ओहम. झोन-१ साठी ८० टक्के, म्हणजे १२.८ ओहम. सीटी ८००/१, पीटी १३२ केव्ही/११० व्होल्ट, म्हणजे १२००. सेकंडरी ओहम = १२.८ × ८०० ÷ १२०० = ८.५३. आता प्रायमरी ओहममध्ये सेटिंग घेणाऱ्या रिलेत कुणी सीटी रेशो चुकून ४००/१ भरला, तर रिले स्वतःपुरता ४.२७ ओहम धरतो. प्रत्यक्षात त्याची नजर ६.४ ओहमपर्यंतच, म्हणजे लाईनच्या फक्त ४० टक्क्यांपर्यंत पोचते. एक आकडा चुकला आणि झोन-१ निम्मा झाला.

दुसरी पायरी : शून्य अंश कुठे?

गावात पत्ता सांगताना आपण मारुतीच्या पारापासून सांगतो. रिलेचा पार म्हणजे साधारणपणे आर फेजचं व्होल्टेज : शून्य अंश. आर-वाय-बी क्रम असेल तर वाय उणे १२० वर आणि बी अधिक १२० वर. करंटचे कोनही तिथूनच मोजायचे. करंट उणे ३० अंशावर असेल तर पॉवर बसकडून लाईनकडे चालली आहे. तोच अधिक १५० वर दिसला तर दिशा उलटी.

आपल्या जिंतूर तालुक्यातलं येलदरीचं जलविद्युत केंद्र घ्या, साडेसात मेगावॉटचे तीन संच. संच चालू असताना पॉवर केंद्रातून बाहेर जाते; संच बंद असताना केंद्राच्या स्वतःच्या वापराची वीज बाहेरून आत येते. म्हणून रिलेतली दिशा तपासताना त्या क्षणी पॉवर खरंच कुठून कुठे चालली आहे, हे आधी विचारून घ्यावं लागतं.

तीन चुका आणि त्यांच्या खुणा

लोड तिन्ही फेजवर सारखा आहे असं धरू.

१) एका सीटीची पोलॅरिटी उलटी : दोन फेज अधिक, एक वजा. पॉवर एक तृतीयांश दिसते. रेसिड्युअल करंट मात्र फेज करंटच्या दुप्पट!

२) वाय आणि बी चे करंट अदलाबदल : एकूण पॉवर चक्क शून्य. रेसिड्युअलही शून्य, म्हणून अर्थ फॉल्ट रिले गप्प. पण निगेटिव्ह सिक्वेन्स करंट पूर्ण फेज करंटइतका.

३) तिन्ही सीटी उलट्या : आकडा बरोबर, चिन्ह उलटं. डिरेक्शनल रिले स्वतःच्या लाईनकडे पाठ करून बसतो. न्युमेरिकल रिलेत 'सीटीचा स्टार पॉइंट लाईनकडे की बसकडे' हे सेटिंग चुकलं तरी हेच होतं.

कागदावर फेजर काढून तिन्ही स्वतः पडताळा. व्हायव्हाला उपयोगी आहे.

प्रत्यक्षात काय झालं?

आम्ही होतो तेव्हा एक नवा ३३ केव्ही फीडर चार्ज झाला. दुपारची वेळ, करंट १२ अँपिअर, सगळं शांत. टेस्टिंगचे साहेब म्हणाले, "पोरांनो, मेगावॉट किती यायला पाहिजेत?" पॉवर फॅक्टर ०.९ धरून मोबाईलवर हिशोब केला : साधारण ०.६. डिस्प्लेवर होते ०.२. साहेब हसले. "आता रेसिड्युअल बघा." २४ अँपिअर! अर्थ फॉल्टचं सेटिंग ४० होतं, म्हणून रिले गप्प होता. रात्री शेतीपंप सुरू होऊन करंट २० च्या वर गेला असता की धडधाकट फीडर ट्रिप.

साहेबांनी पुढचं सांगितलं ते जास्त महत्त्वाचं. असा फीडर रोज ट्रिप व्हायला लागला की कुणीतरी म्हणतं, "रिले फार सेन्सिटिव्ह आहे, सेटिंग वाढवा." सेटिंग वाढतं, ट्रिपिंग थांबतं, सगळे खूश. मग एखाद्या रात्री तार तुटून कोरड्या रानात पडते, जमिनीतून थोडाच करंट वाहतो, रिले उचलत नाही. आणि त्याच रानात कुणीतरी पाणी द्यायला बॅटरी घेऊन निघालेला असतो.

परमिट घेऊन फीडर बंद केला, मार्शलिंग बॉक्समध्ये आर फेजच्या एस-१ आणि एस-२ च्या वायरी बदलल्या, पुन्हा चार्ज केला. डिस्प्लेवर ०.६, रेसिड्युअल जवळजवळ शून्य. (चालू लाईनवर सीटीचं सेकंडरी कधीही उघडायचं नाही, हे विसरू नका.)

तेव्हा लक्षात ठेवा : रेशो नेमप्लेटवरून भरा, फेजचा क्रम तपासा, आणि लोड आल्यावर सहा कोन, मेगावॉटचं चिन्ह व रेसिड्युअल वहीत लिहून सही करा. दहा मिनिटांचं काम आहे.

पुढच्या प्रॅक्टिकलला सरांची परवानगी घेऊन तीन वॉटमीटर जोडा, सप्लाय बंद करून एकाची करंट कॉइल उलटी करा आणि पुन्हा चालू करून बेरीज बघा. एक तृतीयांश आली नाही तर मला रूमवर येऊन धरा.