कॉफी आणि डायबेटिस : कपात नेमकं काय आहे?

"कॉफी प्या, डायबेटिस पळवा" अशा अर्थाचे निरोप आपल्या सगळ्यांना येऊन गेले असतील, आधी ई-मेलवर आणि आता व्हॉट्सॲपवर. मंडळाच्या कार्यक्रमात मध्यंतराला चहा-कॉफीच्या टेबलापाशी उभं राहा, तिसरा कप भरताना कोणीतरी म्हणतंच, "अहो, हे तर औषध आहे!" यात खरं किती आणि आपल्या सोयीचं किती, हे एकदा नीट पाहू या. आपल्यापैकी क्वचितच एखादं घर असेल जिथे आई, वडील, मामा, आत्या यांच्यापैकी कोणाला मधुमेह नाही, म्हणून विषय थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

या बातमीचं मूळ हॉलंडमध्ये आहे. २००२ साली व्हॅन डॅम आणि फेस्केन्स या संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सुमारे १७,००० डच स्त्री-पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसाला दोन किंवा त्याहून कमी कप पिणाऱ्यांच्या तुलनेत सात किंवा अधिक कप पिणाऱ्यांना टाइप-२ डायबेटिस होण्याचं प्रमाण निम्मं दिसलं. सात कप! आपल्याकडे एवढी कॉफी पिणाऱ्या माणसाला घरचे डॉक्टरकडे नेतील. २००४ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या नर्सेस आणि इतर आरोग्य-व्यावसायिकांची माहिती तपासली. कॉफी न पिणाऱ्यांच्या मानाने सहा किंवा जास्त कप पिणाऱ्या पुरुषांत धोका ५४ टक्क्यांनी आणि स्त्रियांत २९ टक्क्यांनी कमी निघाला. मग २०१४ मध्ये २८ अभ्यास एकत्र केले गेले, माणसं ११ लाखांहून जास्त. एका कपाला ८ टक्के, सहा कपांना सुमारे ३३ टक्के कमी धोका, असा चढता हिशेब त्यात आहे. डीकॅफ कॉफीचाही निष्कर्ष त्याच दिशेने गेला.

हा डीकॅफचा मुद्दा महत्त्वाचा आहे बरं का. कारण नुसतं कॅफीन घेतलं तर थोड्या वेळापुरतं ते इन्शुलिनच्या कामात अडथळाच आणतं, हे प्रयोगांतून आधीच माहीत होतं. म्हणजे फायदा असेल तर तो कॅफीनचा नव्हे, कॉफीच्या बीमधल्या दुसऱ्या कशाचा तरी असणार. क्लोरोजेनिक ॲसिड नावाच्या घटकाकडे आणि थोड्याफार मॅग्नेशियमकडे बोट दाखवलं जातं.

पण या सगळ्या 'पाहण्या' आहेत. कोण किती कॉफी पितं हे विचारायचं, वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि कोणाला डायबेटिस होतो ते मोजायचं. यात एक मेख असते. ज्याला ॲसिडिटी आहे, बी.पी. आहे, झोप लागत नाही, तो माणूस आपणहून कॉफी कमी करतो. म्हणजे तब्येत आधीच जरा बिघडलेली माणसं 'कमी कॉफी'च्या रांगेत जाऊन उभी राहतात, आणि श्रेय कॉफीला मिळतं. संशोधक हा फरक आकडेमोडीने काढायचा प्रयत्न करतात, पण तो पूर्ण निघाला की नाही हे सांगता येत नाही.

खरी परीक्षा म्हणजे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे आणि एकाला कॉफी, दुसऱ्याला कॉफीसारखं दिसणारं काहीतरी द्यायचं. असा प्रयोग सिंगापूरमध्ये झाला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेले १२६ जण, त्यांत चिनी, मलय आणि भारतीय वंशाचेही लोक होते, म्हणून आपल्याला तो जवळचा. रोज चार कप, २४ आठवडे. इन्शुलिनच्या कामात दोन गटांत काही फरक पडला नाही. चरबी थोडीशी कमी झाली, इतकंच. २४ आठवडे म्हणजे काही वीस वर्षं नव्हेत, हे मान्य. तरीही 'औषध' हा शब्द वापरायला एवढा पुरावा पुरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपल्या कपाकडे येऊ. बोस्टनच्या नर्सच्या मगमध्ये बहुतेक वेळा काळी किंवा दुधाचा थेंब टाकलेली कॉफी असते. आपली कॉफी म्हणजे निम्म्याहून जास्त दूध, दोन चमचे साखर आणि वर किसलेलं जायफळ. (जायफळाला मी काही दोष देत नाही, त्याच्याशिवाय ती कॉफीच नव्हे.) एका चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर धरली तर असे चार कप म्हणजे ३२ ग्रॅम. अमेरिकन हार्ट असोसिएशन वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा स्त्रियांना २५ आणि पुरुषांना ३६ ग्रॅम सांगते. म्हणजे बायकांचा कोटा कॉफीतच संपला, चहा आणि गोडाधोडाचा हिशेब वेगळा! २०२५ मध्ये हार्वर्डच्याच माहितीवर आणखी एक अभ्यास आला, त्यात नेमकं हेच तपासलं होतं. काही न घातलेल्या कॉफीच्या प्रत्येक कपामागे धोका १० टक्क्यांनी कमी, साखर घातली की तो फायदा जवळजवळ निम्मा. ड्राइव्ह-थ्रूमधून घेतलेली कॅरामल घातलेली मोठी कॉफी तर मिठाईतच मोजावी.

आणि बशीतल्या शंकरपाळ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

आपल्याला हा हिशेब जास्त काटेकोरपणे का करावा लागतो? पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. दोघेही सडपातळ, दोघांचा बी.एम.आय. अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वरून बारीक, आतून चरबी. म्हणून अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची रेषा बी.एम.आय. २५ वरून २३ वर आणली. "मी कुठे जाड आहे?" हे उत्तर आपल्याला लागू पडत नाही.

गंमत म्हणजे डच कॉफीचा अभ्यास ज्या २००२ सालातला, त्याच वर्षी अमेरिकेत 'डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम'चे निष्कर्ष आले. ही चिठ्ठ्या टाकून केलेली खरी परीक्षा होती. डायबेटिसच्या उंबरठ्यावर असलेले ३,२३४ लोक त्यात होते. वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, एवढं उद्दिष्ट दिलेल्या गटात डायबेटिसचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. भारतातही डॉ. रामचंद्रन यांच्या अभ्यासात (२००६) आहार-व्यायामाने २८.५ टक्के घट दिसली. हा निरोप मात्र मला आजवर कोणी फॉरवर्ड केलेला नाही. कप उचलणं सोपं, बूट घालणं कठीण.

मग कॉफी प्यायची की नाही? आवडत असेल तर जरूर प्या. निरोगी माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफीन, म्हणजे इथल्या मापाचे साधारण चार कप, चालतात. गरोदर स्त्रियांनी २०० च्या आत राहावं. साखर एकदम बंद केली तर घरात वादळ होतं, त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करा, जिभेला कळतही नाही. कोलेस्टेरॉल जास्त असेल तर उकळलेल्या किंवा स्टीलच्या फिल्टरच्या कॉफीपेक्षा कागदी फिल्टरची बरी, कारण कोलेस्टेरॉल वाढवणारे तेलकट घटक कागदात अडकतात. डायबेटिस आधीच असेल तर कॉफीनंतर आपली शुगर किती चढते ते घरच्या मीटरवर पाहा, प्रत्येकाचं वेगळं असतं. भारतातून आलेल्या आई-बाबांच्या गोळ्या कॉफीच्या भरवशावर कमी करू नका.

आणि डॉक्टरांकडून ए-वन-सी तपासून घ्या. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ आणि वर म्हणजे डायबेटिस. फास्टिंग शुगर करायची असेल तर त्या सकाळी फक्त पाणी, बिनसाखरेची काळी कॉफीसुद्धा नको. ए-वन-सीला मात्र उपाशी राहावं लागत नाही, तेव्हा कॉफी पिऊन गेलात तरी चालेल.