शेलूहून माथेरान : छोट्या गाडीचा मार्ग

आपल्या शेलूनंतर कर्जतकडे पुढचं स्टेशन नेरळ. लोकलमधून उतरलं की तिथूनच माथेरानची छोटी गाडी सुटते. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०७ साली हा मार्ग सुरू केला.

दोन रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट! असं का? अरुंद गाडी अवघड वळणंही सहज घेते, खडकही कमी फोडावा लागतो. सुमारे २० किलोमीटरच्या मार्गात बोगदा एकच. बाकी डोंगराला वळसे घालत जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज करत गाडी वर चढते. जुलै २००५ च्या पावसात हा मार्ग वाहून गेला. २००७ मध्ये गाडी पुन्हा धावली.

१८५० साली ह्यू मॅलेट यांनी माथेरान ‘शोधलं’ असं आपण पाठ करतो. पण ठाकर, धनगर, कातकरी लोकांना हा डोंगर आधीपासूनच ठाऊक होता ना?

पर्यटक पॉइंट बघून परततात. तुम्ही मात्र तिथे हुतात्मा भाई कोतवालांची आठवण काढा. ते माथेरानचेच. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर इंग्रजांच्या पोलिसांशी लढताना त्यांना वीरमरण आलं.

उपक्रम : घरातल्या आजी-आजोबांना भाईंबद्दल विचारा आणि ऐकलेलं वहीत लिहून आणा.