उंडेऱ्याची अठ्ठावीस घरे

पाणीगेट परिसरात व्यवसाय करीत असताना नव्याने पदवी घेतलेले तरुण मला विचारतात, "लससंशोधनाकडे वळायचे तर आरंभ कोठून करावा?" उत्तरादाखल मी त्यांना आपल्याच शहरालगतच्या उंडेरा गावाची हकीकत सांगतो.

वाल्देमार हाफकिन हे डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. जन्म ओडेसाचा, १८६० सालचा. १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना जागा मिळाली ती सहायक ग्रंथपालाची. ते काम सांभाळून त्यांनी पटकीची लस सिद्ध केली व १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले. त्यासाठी मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले होते! उष्णतेने मारलेल्या या जंतूंची लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःवर आजमावली.

तथापि लस अंगाला सोसते, एवढ्याने ती प्राण वाचविते असे ठरत नाही. आपणहून टोचून घेणारे लोक मुळातच अधिक सुस्थितीतले असू शकतात. म्हणून फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील प्लेगग्रस्त उंडेऱ्यात हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्याच माणसांना लस टोचली. घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच; फरक फक्त लसीचा. पुढे २८ घरांत प्लेग शिरला. लस टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ दगावले; न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले व २६ दगावले.

हे आकडे वाचताना मन अस्वस्थ होते. एकाच चुलीभोवतीची ती माणसे होती. आजची नीतिसमिती अशा प्रयोगाला सहजासहजी संमती देणार नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु तुलना समान परिस्थितीतील माणसांचीच करावी, हा त्यातील धडा आजही प्रत्येक लसचाचणीचा पाया आहे.

तरुण मित्रांनो, मोठी प्रयोगशाळा लाभेल तेव्हा लाभेल. तोवर आपल्या दवाखान्यात कावीळ वा गोवराचा रुग्ण आला, तर घरात माणसे किती, लस कोणी घेतली, आजारी कोण पडले आणि कोण पडले नाही, हे तारखेसह लिहून ठेवा. संशोधनाचा आरंभ तेथूनच होतो.