घरातील बिनतारी जाळे : सोय आणि जबाबदारी

घरात नळ आला म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटतो. परंतु ते पाणी स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात कसे न्यावयाचे, तोटी कोठे बसवावयाची आणि रात्री ती बंद आहे की नाही हे कोणी पाहावयाचे, या गोष्टी घरच्या माणसांनाच ठरवाव्या लागतात. इंटरनेटच्या बाबतीतही नेमके असेच आहे. भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी ही सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून एकाच संगणकाला जोडणी मिळे आणि ती चालू असेपर्यंत घरचा टेलिफोन अडून राही. आज ऑप्टिकल फायबरची एकच बारीक तार घरात येते आणि तिच्यावर मुलांचा अभ्यास, सातबाऱ्याचा उतारा, बँकेचे व्यवहार आणि परगावच्या आप्तांशी बोलणे ही सारी कामे एकाच वेळी चालू शकतात. जोडणी देणारा कर्मचारी तार आणतो, पेटी भिंतीवर बसवितो आणि निघून जातो. त्यापुढील व्यवस्था ही घरमालकाची जबाबदारी होय. ती कशी पार पाडावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जाळ्याचे स्वरूप

या व्यवस्थेच्या मध्यभागी राउटर नावाची पेटी असते. ती दोन कामे करते. घरातील संगणक, मोबाइल, प्रिंटर आणि दूरचित्रवाणी संच यांना ती एकमेकांशी जोडते, आणि त्या सर्वांच्या वतीने बाहेरच्या जगाशी बोलते. इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीला एक अंकी पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात आणि जगातील साधनांना ते केव्हाच अपुरे पडले आहेत. म्हणून राउटर घरातील प्रत्येक साधनाला एक अंतर्गत पत्ता देतो. हा पत्ता बहुधा १९२.१६८ या अंकांनी सुरू होतो. बाहेरच्या जगाला मात्र या पद्धतीत त्या सर्वांचा मिळून एकच पत्ता दिसतो.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, घरातील जाळे आणि इंटरनेट ही दोन भिन्न अंगे आहेत. बाहेरची तार तुटली तरी घरातील दोन संगणक एकमेकांशी फायलींची देवाणघेवाण करू शकतात. दुसरी अशी की, घरातील जाळ्यावरून कोणीही काहीही केले, तरी बाहेरून ते त्या घराच्याच नावावर नोंदले जाते. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

लहरींचा स्वभाव आणि पेटीची जागा

आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात बिनतारी लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. आजच्या वाय-फायच्या लहरीही भिंती ओलांडतात. परंतु प्रत्येक भिंतीला त्यांना काही शक्ती द्यावी लागते. दगडी भिंत, लोखंडी सळ्यांचा सिमेंटचा स्लॅब, आरसा, पाण्याची टाकी आणि पत्रा हे त्यांचे मोठे अडथळे होत. यास्तव राउटर लोखंडी कपाटात, जमिनीवर किंवा दूरचित्रवाणी संचामागे ठेवू नये. घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, मोकळ्या फडताळात तो ठेवावा. तार एका कोपऱ्यात आलेली असल्यास ती काही मीटर पुढे आणण्याचा खर्च शक्तिशाली राउटर घेण्याच्या खर्चापेक्षा बहुधा कमी असतो.

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. ती दूरवर पोहोचते. पण या पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथची साधने आणि मायक्रोवेव्ह भट्टी या सर्वांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहर सुमारे ६ सेंटिमीटरची. ती वेगाने माहिती वाहते. मात्र भिंतींपुढे लवकर थकते. राउटरच्या खोलीतील संगणकाला दुसरा आणि लांबच्या खोलीतील मोबाइलला पहिला पट्टा द्यावा, ही विभागणी सोयीची ठरते. एका पट्ट्यावरील साधने पाळीपाळीने बोलतात, हेही लक्षात ठेवावे. दूरचे साधन सावकाश बोलते आणि इतरांचा वेळ घेते. जागेवरून न हलणारा संगणक तारेनेच जोडल्यास उरलेल्या साधनांना अधिक वाव मिळतो.

जाळ्याची किल्ली

लहरी उंबरठ्यापाशी थांबत नाहीत. त्या जिन्यात, अंगणात आणि शेजारच्या घरातही जातात. याचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात, याचा धडा महाराष्ट्राला २००८ मध्ये मिळाला. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद येथे झालेल्या बाँबस्फोटांच्या काही मिनिटे आधी एक ई-मेल पाठविण्यात आला. तो नवी मुंबईत राहणाऱ्या एका परदेशी नागरिकाच्या घरच्या जोडणीवरून गेल्याचे तपासात आढळले. त्यांच्या बिनतारी जाळ्याला संरक्षण नव्हते आणि परक्या माणसांनी त्याचा गैरफायदा घेतला होता. बाहेरून दिसणारा पत्ता एकच असल्याने पोलीस साहजिकच प्रथम त्या घराच्या दारी पोहोचले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत मुंबईतील अशाच असुरक्षित जोडण्यांचाही वापर झाला. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने बिनतारी जोडण्या सुरक्षित ठेवण्याबाबत सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांना सूचना दिल्या.

संरक्षणाची कामे अवघड नाहीत. राउटरच्या तळाशी असलेल्या चिठ्ठीवर त्याच्या व्यवस्थापनाचा पत्ता छापलेला असतो. तो ब्राउझरमध्ये लिहून पुढील गोष्टी कराव्यात :

१. व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड प्रथम बदलावा. कारखान्यातून आलेले पासवर्ड सर्वांना ठाऊक असतात. २०१६ मध्ये ‘मिराई’ या उपद्रवी प्रणालीने असेच पासवर्ड वापरून कॅमेरे व राउटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले होते.

२. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-३ निवडावा. ती सोय नसल्यास डब्ल्यूपीए-२ घ्यावा. डब्ल्यूईपी ही पहिली पद्धत २००१ पासूनच कुचकामी ठरली आहे.

३. वाय-फायचा पासवर्ड किमान आठ अक्षरांचा असावाच लागतो. तो सोळा अक्षरांहून मोठा ठेवणे हिताचे. आडनाव, जन्मतारीख किंवा मोबाइल क्रमांक टाळावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहिले, तर घरच्यांना ते सहज आठवतात आणि परक्यांना तर्क करता येत नाही.

४. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे सुरू करावे. त्यावरून इंटरनेट मिळते. मात्र घरातील संगणकांपर्यंत सहसा पोहोचता येत नाही. घरातील कॅमेरे व दूरचित्रवाणी संचही याच जाळ्यावर ठेवल्यास उत्तम.

५. बटण दाबून जोडणी देणारी डब्ल्यूपीएस ही सोय बंद ठेवावी आणि राउटरची अंतर्गत प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करावी.

फायलींची देवाणघेवाण

लग्नाचे चलच्चित्र मोबाइलवरून संगणकावर न्यावयाचे झाल्यास पुष्कळ लोक ते दूरच्या संगणकगृहात पाठवितात आणि तेथून पुन्हा उतरवून घेतात. १ गिगाबाइटची फाइल म्हणजे सुमारे ८,००० मेगाबिट. जोडणीचा वेग सेकंदाला ५० मेगाबिट असेल, तर केवळ जाण्यास १६० सेकंद आणि परत येण्यास तितकेच लागतात. संगणक राउटरला तारेने जोडलेला असेल आणि मोबाइलला ५ गिगाहर्ट्झवर प्रत्यक्ष ३०० मेगाबिटचा वेग मिळत असेल, तर घरातल्या घरात तेच काम अर्ध्या मिनिटात होते. शिवाय त्यासाठी इंटरनेटचा एक कणही खर्च होत नाही.

याकरिता विंडोज असलेल्या संगणकावर आपले जाळे ‘प्रायव्हेट’ असल्याची नोंद करावी. एक स्वतंत्र फोल्डर तयार करून त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘शेअरिंग’ या विभागात कोणाला प्रवेश द्यावयाचा ते ठरवावे. दुसऱ्या संगणकावर फाइल एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि त्यांना जोडून पहिल्या संगणकाचे नाव लिहिले, की तो फोल्डर समोर येतो. मोबाइलवरूनही तेथे पोहोचता येते. त्यासाठी योग्य ॲप असले म्हणजे झाले.

येथेही तारतम्य हवे. संपूर्ण डिस्क कधीही खुली करू नये. गुणपत्रिका, खरेदीखते, विम्याचे कागद यांच्या फोल्डरवर इतरांना केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा. बदल करण्याचा अधिकार एका जबाबदार व्यक्तीकडेच असावा. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रणालीने सुमारे १५० देशांतील संगणकांवरील फायली कुलूपबंद केल्या. विंडोजच्या फायली देण्याघेण्याच्या जुन्या पद्धतीतील दोषातूनच ती पसरली होती. त्या दोषाची दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्चमध्ये, उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती करून घेतली नव्हती, त्यांना फटका बसला. म्हणून संगणकाची अद्ययावत दुरुस्ती पुढे ढकलू नये, आणि महत्त्वाच्या कागदांची एक प्रत जाळ्यापासून अलग केलेल्या बाह्य डिस्कवर ठेवावी. आणखी एक प्रत गावाकडील किंवा नातलगाच्या घरी असल्यास आग वा पूर यांपासूनही संरक्षण मिळते.

नियमित देखभाल

वीज गेल्यावर जाळेही बंद पडते. राउटर व फायबरची पेटी यांना फारच थोडी वीज लागते; त्यांच्यासाठी मिळणारी लहान बॅटरी बसविल्यास परीक्षेच्या दिवसांत ऐन वेळी होणारा खोळंबा टळतो. बॅटरी घेताना तिचे व्होल्ट पेटीवर छापलेल्या आकड्याशी जुळतात, याची खात्री करावी.

महिन्यातून एकदा राउटरच्या व्यवस्थापन पानावर जोडलेल्या साधनांची यादी पाहावी. घरातील साधने मोजावीत आणि यादीशी पडताळावीत. एखादे नाव ओळखीचे नसेल, तर पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. या कामांसाठी तंत्रज्ञाची गरज नाही. घरातील नववी-दहावीतील मुलगा किंवा मुलगीही ती शिकू शकते. ती त्यांना अवश्य शिकवावीत, कारण या जाळ्याचा सर्वाधिक उपयोग तीच करणार आहेत आणि उद्या ते सांभाळावयाचेही त्यांनाच आहे.