पदविकेने पगार किती वाढतो?

प्रश्न : मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. तळोजा फेज एकमधल्या भटक्या कुत्र्यांचे औषधपाणी ती मनापासून करते. आता तिला ‘व्हेटरनरी टेक्निशियन’ व्हायचे आहे. एका खासगी संस्थेने दोन वर्षांचा खर्च चार लाख सांगितला. आम्ही शैक्षणिक कर्ज काढणार आहोत. नोकरी लागली की पगारातून ते फिटेल ना? – एक पालक, तळोजा

उत्तर : तुम्ही पगार आणि हप्ता समोरासमोर ठेवले आहेत. बहुतेक घरांत हिशेब असाच होतो. पण दवाखान्यात मदतनीस म्हणून ती आजही लागू शकते, आणि तो पगार तिला शिक्षणाशिवायही मिळणार आहे. म्हणून अभ्यासक्रमामुळे त्यात किती भर पडेल ते पाहा. हप्ता त्या वाढीतून निघायला हवा.

आधी हप्ता काढू. नोकरी लागेपर्यंत व्याज लागत नाही, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. शिक्षणकाळ आणि पुढचे एक वर्ष परतफेडीला सवलत असते, व्याज मात्र पहिला पैसा उचलल्या दिवसापासून धावते. दरवर्षी दोन लाख उचलले आणि दर १० टक्के धरला, तर तीन वर्षांत सरळव्याजानेच एक लाख चढते. मग पाच लाखांवर सात वर्षांसाठी महिना सुमारे ८,३०० रुपये हप्ता बसतो. शिकत असतानाच व्याज भरत राहिलात, तर तो ६,६४० च्या आसपास येतो. जमत असेल तर एवढे तरी कराच.

आता समजा, दवाखाना नवख्या मदतनिसाला १२,००० देतो आणि शिकून आलेल्याला १६,०००. हे आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. खरे आकडे खारघर, कामोठे, पनवेलच्या तीन-चार दवाखान्यांत विचारून घ्या. या उदाहरणात शिक्षणाची कमाई चार हजार आणि हप्ता आठ हजारांच्या वर. हे कर्ज फिटेल, पण जो पगार तिला असाही मिळाला असता त्यातून, आणि सात वर्षे घरावर ओझे ठेवून.

वाढ एवढी थोडी का, याचे एक मोठे कारण कायद्यात आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा. पदविका किंवा प्रमाणपत्रधारकाला राज्य सरकारच्या आदेशाने, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, किरकोळ सेवा तेवढ्या देता येतात. या कायद्यात ‘टेक्निशियन’ म्हणून स्वतंत्र परवाना नाही. त्यामुळे मुलगी दोन वर्षे शिकून आली काय किंवा हाताखाली राहून शिकली काय, खासगी मालकावर जास्त पगाराची सक्ती नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत या पेशाला परीक्षा आणि नोंदणी आहे. तिथेही सरकारी आकडेवारीनुसार २०२३ मध्ये टेक्निशियनचा मध्यम वार्षिक पगार सुमारे ४३,७०० डॉलर होता आणि मदतनिसाचा सुमारे ३६,४००. म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यानेही कर्ज तोलायचे ते या सात हजारांशी.

कागदाला खरी किंमत आहे ती सरकारी नोकरीत. पशुसंवर्धन विभागाने २०२३ मध्ये पशुधन पर्यवेक्षकांच्या ३७६ जागांची जाहिरात काढली होती. वेतनश्रेणी २५,५०० ते ८१,१००, शिवाय भत्ते. इथे पात्रतेच्या कागदाशिवाय अर्जच करता येत नाही. मात्र त्यासाठी जाहिरातीत सांगितलेलीच पदविका किंवा प्रमाणपत्र लागते. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुसंवर्धन पदविका वेगळी आणि एखाद्या खासगी संस्थेचा ‘टेक्निशियन कोर्स’ वेगळा. फी भरण्यापूर्वी संस्थेकडे विद्यापीठाच्या संलग्नतेचे पत्र मागा. भरती दरवर्षी निघत नाही, हेही धरून चाला. आणि ते काम गाई-म्हशींचे आहे : लसीकरण, कृत्रिम रेतन, गोठ्यांच्या फेऱ्या. तिचा जीव कुत्र्या-मांजरांत असेल, तर हे तिला आधीच सांगायला हवे.

पदविका करून पुढे आपोआप डॉक्टर होता येते, असेही काहींना वाटते. तसे नाही. पशुवैद्यक पदवीसाठी बारावीला जीवशास्त्र हवे आणि ‘नीट’ द्यावी लागते. अभ्यासक्रम आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून पशुवैद्यकीय शिक्षण देत आले आहे. सरकारी पशुधन विकास अधिकाऱ्याचे मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होते. मुलीला मनातून डॉक्टरच व्हायचे असेल, तर माझे मत स्पष्ट आहे : कर्जाआधी ‘नीट’चा एक नेटाने केलेला प्रयत्न.

तिच्या कामाची गरज नाही, असे मला मुळीच म्हणायचे नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोजा एमआयडीसीत कारखान्याच्या रंगाने निळे झालेले कुत्रे साऱ्या देशाने पाहिले. त्यांच्याकडे बघणारे हात हवेतच. पण त्या हातांना पैसे कोण देणार, हा प्रश्न गरजेने सुटत नाही.

म्हणून तिला आधी सहा महिने एखाद्या चांगल्या दवाखान्यात काम करू द्या. रक्त काढताना प्राणी कसा धरायचा, सलाईन, एक्स-रे, शस्त्रक्रियेनंतरची देखभाल हे ती तिथे शिकेल आणि पगारही घेईल. मग तिनेच डॉक्टरांना विचारावे, ‘मी हा कोर्स करून आले तर किती वाढवाल?’ उत्तर आठ-नऊ हजारांच्या खाली आले, तर हे चार लाख उचलू नका. विद्यापीठाशी संलग्न पदविका कमी शुल्कात मिळत असेल आणि गोठ्यात उतरायची तिची तयारी असेल, तर तेवढ्यापुरते कर्ज अवश्य काढा.