मनाचे दुखणे: ओळखू या, सावरू या



जुन्या करारात एलिया संदेष्ट्याची गोष्ट आहे (१ राजे १९). जिवाच्या भीतीने पळालेला हा देवमाणूस रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला दटावत नाही. देवदूत त्याला उठवून भाकर व पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. मग तो चाळीस दिवसांची वाट चालतो. मन खचले म्हणजे श्रद्धा आटली असे नव्हे, हे यातून आपण शिकतो.

भावना म्हणजे पाप नव्हे. भीती धोका दाखवते, दुःख आपण काय गमावले ते सांगते. भावनेच्या भरात आपण काय करतो, हे मात्र आपल्याला पाहावे लागते.

ताण आपल्या सिरसाळा भागाला नवा नाही. पाऊस हुलकावणी देतो, कर्ज वाढते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघताना मुकादमाची उचल डोक्यावर असते आणि लेकरे आजी-आजोबांजवळ राहतात. अशा वेळी छाती धडधडते, झोप उडते. संकट सरले की बहुधा हे ओसरते.

पण उदासी दोन आठवडे सलग राहिली, कशातच रस वाटेना, भूक-झोप बिघडली, ‘मी घराला ओझे झालो’ असे वाटू लागले, तर ते नैराश्य असू शकते. कानात आवाज येणे, नसता संशय घेणे हीही आजाराची लक्षणे असतात. बाहेरची बाधा समजून दिवस घालवू नयेत.

आपण काय करू शकतो?

१. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण उदासी वाढते. तिच्यापासून दूर राहू या.

२. खचलेल्या माणसाला उपदेश न करता त्याचे ऐकून घेऊ या. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळे होते.

३. फवारणीचे औषध घरात उघड्यावर न ठेवता कुलपात ठेवू या. तो एक क्षण टळला तर जीव वाचतो.

४. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रंदिवस बोलता येते. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बंद करू नयेत.

कोणी विष घेतले तर पोलिसांच्या भीतीने घरी ठेवू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा. असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता, असेच २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मानतो.

ज्या घरांनी असे माणूस गमावले आहे, त्यांच्याविषयी कुजबूज नको. गंभीर मानसिक त्रासामुळे माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे ख्रिस्तसभेची धर्मशिकवण सांगते (कलम २२८२-८३).

चिंतनासाठी: या आठवड्यात आपल्या गल्लीत कोण गप्प गप्प झाले आहे? त्याच्याकडे चहाला आपण कधी जाणार?